उंबराच्या बदल्यात पन्नास रोपं?

नागपुरात आमच्या लेआउटच्या कोपऱ्यावर एक उंबर होता, मागच्या मे महिन्यात तोडला. गडर लाइन म्हणजे सांडपाण्याची लाइन टाकायची होती, तिच्यावरून सिमेंटचा रस्ता करायचा होता आणि उंबर बरोबर मधात येत होता. सकाळी आठला मशीन सुरू झालं, बाराच्या आत झाड आडवं, चारपर्यंत ट्रॉलीत भरून रवाना. मी त्या दिवशी कामावर गेलेच नाही, तिथंच उभी राहिले. वर चढलेला माणूस पाणी प्यायला खाली आला तेव्हा त्याला विचारलं, काऊन तोडून राहिले भाऊ, लाइन थोडी बाजूनं नाही नेता येत का. तर तो म्हणे, "परमिशन हाय न ताई. आन याच्या बदल्यात पन्नास रोपं लावून राहिले, कागदावर लिवलं हाय." त्याच्यावर माझा काही राग नाही. फांदी सोडायच्या आधी त्यानं दरवेळी खालच्या पोट्ट्यांना ओरडून लांब केलं, काम नीट केलं. माझा प्रश्न त्या पन्नासबद्दल आहे.

हा आकडा त्यानं मनानं सांगितला नव्हता. शहरातल्या झाडांसाठी आपल्या राज्यात १९७५ पासून कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, तिच्यात ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज म्हणजे वारसा वृक्ष मानलं आणि तोडायचंच झालं तर झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची असं ठरलं. मला ही दुरुस्ती मनापासून चांगली वाटते, कारण आधी साठ वर्षांचं झाड आणि सहा वर्षांचं झाड कागदावर सारखंच होतं, निदान वयाला वजन आहे एवढं तरी कायद्यानं मान्य केलं. पण वय मोजायचं आणि ते रोपांच्या आकड्यात फिरवून मोकळं व्हायचं, ही जी रीत पडली आहे न, ती चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मी अठ्ठावीस वर्षं इतवारीतल्या एका पेढीचे हिशोब लिहिते. जमा आणि नावे जुळल्याशिवाय खातं बंद करता येत नाही, आणि जुळवायचं तर दोन्हीकडे एकाच जातीचा माल पाहिजे, भरलेली पोती आणि रिकामा बारदाना एका रकान्यात मांडून बेरीज होत नाही. उंबराच्या खात्यावर काय काय होतं हे कोणी लिहूनच काढलं नाही, आणि खातं मात्र बंद झालं.

तर मी लिहून काढते, जेवढं मला दिसलं आणि नंतर वाचून, लोकांना विचारून कळलं तेवढं.

झाड पडलं तेव्हा रस्त्यावर उंबरांचा सडा पडला होता, थोडी लाल, बहुतेक हिरवी. त्यातलं एक अर्धवट पिकलेलं उचलून मी फोडलं. आत चिलटांसारखे बारीक जीव, काही चालत होते, काहींना पंख होते, काहींना नव्हतेच. लहानपणी आई उंबर खायला द्यायची ते फोडून, हातावर दोनदा आपटून, फुंकून द्यायची, आत किडे असतात म्हणून. आणि कोणी बऱ्याच दिवसांनी दिसलं की आपण म्हणतो, काय उंबराचं फूल झालास बाप्पा, म्हणजे दिसतच नाहीस. खरं तर उंबराची फुलं आपण रोज पायाखाली तुडवतो. ज्याला आपण फळ म्हणतो ती एक बंद गोल थैली आहे आणि शेकडो फुलं तिच्या आतून लागलेली असतात, म्हणून ती कोणाला दिसत नाहीत.

आता बंद थैलीतल्या फुलांपर्यंत पराग कोण नेणार, वारा आत जात नाही, मधमाशी आत जात नाही. त्यासाठी एक माशी आहे, गांधीलमाशीच्या कुळातली, पण जेमतेम मुंगीएवढी, आणि ती उंबराचीच आहे, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. उंबराच्या टोकाला बारीक छिद्र असतं त्यातून मादी स्वतःला रेटत आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटून पडतात, म्हणजे आता परत फिरणं नाही. आत ती सोबत आणलेला पराग फुलांवर टाकते आणि काही फुलांत अंडी घालते. ज्या फुलात अंडं पडलं तिथं बी धरत नाही, तिचं पिल्लू वाढतं, बाकीच्या फुलांचं बी होतं, म्हणजे झाडानं पराग पोचवायची मजुरी आपल्याच बियांतून दिली असं समजा. काही आठवड्यांनी आधी नर निघतात, त्यांना पंख नसतात, ते माद्यांशी जुगतात, थैलीच्या भिंतीला बाहेर जायचं भोक पाडतात आणि मरतात. त्या भोकातून नव्या माद्या पराग घेऊन उडतात. उडाल्यावर त्यांच्या हातात एक-दोन दिवस असतात, तेवढ्यात दुसरा उंबर सापडला पाहिजे आणि त्याची उंबरं नेमकी कोवळी, आत शिरण्याजोगी पाहिजेत.

हा मुद्दा मला फार मोठा वाटतो. एका उंबराची उंबरं साधारण एकाच वेळी एका अवस्थेत असतात, त्यामुळे त्याची माशी बाहेर पडते तेव्हा त्याच झाडावर तिला सहसा जागा नसते. कुठंतरी दुसरा उंबर वेगळ्या तारखेवर चालू पाहिजे. वारा असला तर ही माशी बरीच लांब जाते, तरी दिवस मोजकेच. म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा उंबर एकटा नव्हता, तो नाल्याकाठच्या उंबराशी, अंबाझरीकडच्या, सेमिनरी हिल्सच्या उंबरांशी जोडलेला होता, रस्त्यानं नाही तर तारखांनी. तुम्ही त्यातला एक काढला की बाकीच्यांच्या माश्यांसाठी वर्षातले काही आठवडे रिकामे होतात. आणि बदल्यात जे रोप लावाल, समजा उंबराचंच लावलं, तरी त्याला पहिलं उंबर धरायला कितीतरी वर्षं जातील.

यात चोर पण आहेत. दुसऱ्या जातीच्या काही माश्या आत शिरतच नाहीत, बाहेरूनच सुईसारखी लांब नळी उंबराच्या भिंतीतून खुपसून अंडी घालतात, पराग वगैरे काही आणत नाहीत, फुकट खातात. आणि मग त्यांच्यावर मुंग्या आहेत. उंबराच्या खोडावर, फांद्यांवर लाल मुंग्यांची वर्दळ असते ती आपण चावतात म्हणून झटकतो, पण बाहेर बसून भोक पाडणाऱ्या माश्यांना मुंग्या पकडतात, हुसकतात, आणि त्यामुळे आतल्या परागवाल्या माशीचा फायदा होतो. मुंग्यांना उंबराबद्दल माया आहे असं काही नाही, त्यांना पोट भरायचं आहे.

इथं मला जरा थांबून बोलायचं आहे. झाडांबद्दल बोलायला लागलं की लोक लगेच म्हणतात, निसर्गात बघा कसं सगळे गुण्यागोविंदानं राहतात, माणूसच तेवढा भांडतो. शाळेतल्या निबंधापासून तर व्हॉट्सअॅपच्या फोटोपर्यंत हेच. मला हे पटत नाही आणि यानं झाडांचं नुकसान होतं असंही वाटतं, कारण एकदा का तुम्ही झाडाला दयाळू, सावली देणारं, सगळ्यांचं भलं करणारं म्हटलं की मग कोणतंही झाड चालतं, इथलं तोडा, तिकडं लावा, सावली तर तिथंही पडणारच आहे. उंबरावर मी जे बारा-तेरा वर्षं गच्चीतून पाहिलं ते असं नव्हतं. तिथं रोज मारामारी होती, चोरी होती, एकमेकांची अंडी फोडणं होतं. आणि तेवढ्याच जिवांचं तिथं पोटही भरत होतं, म्हणूनच तर भांडत होते.

ढोलीचं सांगते. उंबराची एक जाड फांदी कधीतरी वादळात मोडली होती, तिच्या बुडाशी पाणी मुरून मुरून ढोली झाली होती, आमच्या गच्चीच्या जरा वर, तोंड पूर्वेकडे. ढोली असायला झाड जुनंच लागतं, आधी फांदी मोडायची, मग बुरशीनं आतलं लाकूड पोखरायचं, याला दशकं लागतात. तांबट आणि सुतार हे पक्षी स्वतःचं बीळ कोरून घेतात, पण पोपट, साळुंकी, पिंगळा, धनेश यांना नव्यानं झाड कोरता येत नाही, फार तर असलेलं तोंड कुरतडून मोठं करतात. त्यांना आयती ढोली पाहिजे. आता विचार करा, आमच्या लेआउटमध्ये साडेतीनशे प्लॉट आणि अशी ढोली एक.

फेब्रुवारीत पोपट यायचे, आतबाहेर करायचे, दारावर उलटे लटकून किंचाळायचे. मार्चअखेर त्यांची पिल्लं मोठी व्हायला लागायची आणि तेव्हाच राखी धनेशाची जोडी येऊन बाजूच्या फांदीवर बसायची. धनेश नागपूरला नवा नाही, सकाळी कोणत्याही जुन्या मोहल्ल्यात त्याचा घारीसारखा आवाज ऐकू येतो. एका वर्षी, पोपट निघाले त्याच आठवड्यात, साळुंक्यांनी गवत, प्लास्टिकच्या दोऱ्या, कुणाच्या तरी राखीचा गोंडा असं सगळं आत भरून टाकलं. धनेशाच्या मादीनं ते चोचीनं ओढून ओढून बाहेर फेकलं, साळुंक्या परत आणून भरायच्या, ही परत काढायची, चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी मादी आत जाऊन बसली आणि तिनं आपल्या विष्ठेनं आणि चिखलानं दार लिंपायला घेतलं. चोच जाईल एवढी उभी फट ठेवली, बस. मग कितीतरी आठवडे ती आत, तिथं तिचे उडायचे पंख गळतात, आणि नर उन्हात तोंड उघडं ठेवून धापा टाकत येतो आणि फटीतून एकेक उंबर तिला देतो, कधी पाल, कधी टोळ. ४५ डिग्रीच्या मे महिन्यात ज्या झाडात बायको कोंडलेली त्याच झाडावर खायला लागलेलं, यापेक्षा सोयीचं घर त्याला कुठं मिळणार होतं.

तोडला त्या वर्षी आत धनेश नव्हता, साळुंक्या होत्या. पण परमिशन देणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं आणि विचारायचा रकानाच फॉर्मवर नाही. मादी आत असती, पंख नसलेली, तरी तारीख तीच राहिली असती.

आता त्या पन्नास रोपांकडे बघा. रोपात ढोली नाही म्हणून पोपट-धनेशाचं भांडण नाही. उंबर नाही म्हणून माशी नाही, माशी नाही म्हणून तिचा चोर नाही, चोर नाही म्हणून मुंगीला तिथं काही काम नाही. पन्नास काय पाचशे लावा, शून्याला कितीनंही गुणलं तरी शून्यच. झाड तोडल्यावर त्या जागेवरच्या जिवांचं एकमेकांशी असलेलं सगळं देणंघेणं आणि सगळी चढाओढ तुटते, आणि ती रोपाबरोबर विकत मिळत नाही.

बांडगुळाबद्दल पण बोललंच पाहिजे, कारण आमच्या उंबराच्या बाजूच्या आंब्यावर बांडगूळ आहे आणि ते काढून टाका म्हणून दरवर्षी कोणी न कोणी मागं लागतं. मराठीत बांडगूळ ही शिवी आहे, फुकट्या माणसाला आपण म्हणतो, राजकारणात तर रोज कोणीतरी कोणाला म्हणतं. बांडगूळ आंब्याचं पाणी ओढतं हे खरंच आहे आणि फार वाढलं तर फांदी वाळवतं हेही खरं. पण त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर पक्षी येतो, आणि त्याच्या चिकट फळावर फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी जगतो, बी इतकं चिकट की ते अंगापासून सोडवायला त्याला फांदीवर घासावं लागतं, आणि तिथंच नवीन बांडगूळ रुजतं. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी जंगलाच्या काही तुकड्यांतून बांडगूळ मुद्दाम काढून पाहिलं, तर काही वर्षांत तिथल्या पक्ष्यांच्या जातीच कमी झाल्या, त्यात बांडगुळावर न बसणारे पण होते. आणि दुसरीकडे चंदन बघा. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात चंदनाची झाडं आहेत, ज्याला आपण देवाच्या कपाळी लावतो. ते चंदन जमिनीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांना आपली मुळं चिकटवून त्यांच्यातून पाणी आणि खनिजं ओढून घेतं. एक उघड्यावर घेतं म्हणून शिवी, एक जमिनीखाली घेतं म्हणून पूजा. आपण कोणाला चांगलं-वाईट म्हणतो त्यावर हे जग चालत नाही, आणि एखादा जीव आपल्याला फुकट्या वाटला म्हणून काढून टाकला की त्याच्यामागं कोण कोण जातं ते आपल्याला आधी कळत नाही.

पिंपळ-वड तर याहून पुढचे. पक्ष्याच्या विष्ठेतून बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतं, वरून मुळं खाली सोडतं, आणि हळूहळू यजमानाला असं कवटाळतं की कधीकधी तो मरतोच. पण भर उन्हाळ्यात बाकी झाडांवर खायला काही नसताना वडाला फळं लागली की हरियल येतात, आपला राज्यपक्षी, हिरवा-पिवळा, पानात बसला तर शोधून सापडत नाही. कोकीळ येते, तांबट येतात, आणि अंधार पडला की वटवाघळं. एकाच झाडावर दिवसपाळी आणि रातपाळी चालते, म्हणून इतके जण खाऊनही एकमेकांच्या पूर्ण मुळावर उठत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे जुन्या झाडाची खरी कमाई हीच आहे, वेळ वाटून, उंची वाटून, फांदी वाटून भांडत भांडत जगायची जागा.

मग बदल्यात लावतात काय? आमच्या वाट्याची रोपं रिंग रोडच्या पलीकडे एका मोकळ्या जागेवर लागली म्हणून कळलं, रविवारी बघायला गेले. रांगेत, सगळी एका उंचीची, गुलमोहर, पेल्टोफोरम आणि थोडे कडुलिंब. गुलमोहर मादागास्करचा, पेल्टोफोरम आग्नेय आशियातला. माझं त्यांच्याशी वैर नाही, मे महिन्यात गुलमोहर फुलला की मलाही बरं वाटतं, आणि शेकडो वर्षांपूर्वी आलेली चिंच आज आपलीच झाली आहे. पण उंबराच्या बदल्यात गुलमोहर म्हणजे धनेशाच्या नराला सांगणं की उंबर संपले, लाल फुलं बघ. आणि सगळी एकाच वयाची असल्यामुळे ती पन्नास रोपं त्याच वर्षी, त्याच थराच्या पाण्यासाठी, त्याच उजेडासाठी एकमेकांशी भांडतील. आपल्या भागातल्या जंगलात साग असतो, मोह, तेंदू, धावडा, पळस, बेल, चारोळी असते, कोणी वरती, कोणी खाली, कोणी मार्चमध्ये फुलतं कोणी पावसात, काटोल रोडनं फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पळस पेटलेला दिसतो आणि त्याच्यावर साळुंक्या, बुलबुल, खारी एकमेकांना ढकलत रस पितात.

आकड्यांचं आपल्याला वेडच लागलं आहे. राज्यानं २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं होतं, आणि राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. लोकांनी त्यात मनापासून खड्डे खोदले, आमच्या पेढीतल्या सगळ्यांनी पण खोदले, मी स्वतः तीन कडुलिंब लावले आणि दोन जगले. तो उत्साह खोटा नव्हता. पण कोटींनी मोजायची सवय लागली की मग समोरचा एक उंबर फारच लहान दिसायला लागतो.

याच्या विरोधात जे बोललं जातं तेही मी ऐकलं आहे आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. गडर लाइन पाहिजेच, मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत लोकांच्या घरात घाण पाणी शिरलं, लहान लेकरं आजारी पडली, त्यांच्यासमोर उभं राहून झाड मोठं की लाइन मोठी असं मी बोलू शकत नाही आणि बोलणारही नाही. समोरच्या आजींना पिकलेल्या उंबरांवरून पाय घसरून हाताला लागलं होतं, गाड्यांवर वटवाघळांची घाण पडायची, म्हणून लेआउटमधल्या काही जणांनी स्वतःच अर्ज केला होता. त्यांना मी निसर्गाचे शत्रू मानत नाही. पण उंबरं झाडायला माणूस ठेवणं, घराकडच्या फांद्या बेतानं कापणं, लाइन सहा फूट सरकवणं, यातलं काही शक्य आहे का हे विचारायच्या आधीच तोडायचं ठरलं होतं, कारण पन्नास रोपांनी सगळ्यांच्या मनाची आधीच समजूत घातलेली होती. बदल्याचा आकडा तयार असला की पर्याय शोधायची गरजच कोणाला वाटत नाही, आणि माझ्या मते या पद्धतीचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. अजनीच्या रेल्वे कॉलनीतली झाडं स्टेशनच्या प्रकल्पासाठी जाणार म्हणून २०२१ च्या सुमारास नागपूरकर रस्त्यावर आले होते तेव्हाही पुन्हा पुन्हा हेच उत्तर मिळायचं, बदल्यात लावू.

झाड उपटून दुसरीकडे लावा म्हणतात, ते काही झाडांचं जमतं, उंबर-वड तर फांदीतूनही रुजतात. पण त्यासाठी फांद्या पार छाटाव्या लागतात, मुळं कापावी लागतात, वर्ष-दोन वर्षं कोणी रोज पाणी घालायला पाहिजे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात टँकर आधी माणसांना पुरत नाही. मियावाकी म्हणजे दाटीवाटीनं देशी झाडं लावायची पद्धत, तीही आता जागोजागी चालू आहे, रिकाम्या जागी, कचऱ्याच्या ढिगावर ती लावली तर चांगलंच आहे. पण आपलं जंगल कोरडं, पानगळीचं, मधात गवत असलेलं, उघडं जंगल आहे, ते एवढं दाट नसतंच, आणि काही असलं तरी ती जुन्या झाडाची भरपाई होत नाही.

वेगळं करता येतं हे आपल्या जवळच दिसलं आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणारा हायवे पेंचच्या जंगलातून चौपदरी करताना बरेच वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या, एकूण ९ ठिकाणी, सगळ्यात लांब वाट ७५० मीटरची. नंतर तिथं लावलेल्या कॅमेऱ्यांत चितळ, रानकुत्रे, वाघ त्या वाटांनी जाताना दिसले. तिथं कोणीतरी विचारलं होतं की कोण कुठून कुठं जातं, कोण कोणाच्या मागं जातं. चितळ जिथून गेलं तिथून वाघाला जायला मिळालं तरच त्या वाटेला अर्थ. हे वाघासाठी विचारतो आपण, कारण नागपूर टायगर कॅपिटल आहे, बोर्डांवर वाघ आहे. मग गल्लीतल्या उंबरासाठी तेवढाच साधा प्रश्न का नाही विचारायचा.

मी जे मागते ते फार नाही. जुनं झाड तोडायचा अर्ज आला की परवानगीच्या आधी त्याची एक नोंदवही व्हावी, वय आणि घेराच्या सोबत ढोल्या किती, घरटी कोणाची, फळं कोणत्या महिन्यात, त्याच जातीचं पुढचं झाड किती लांब. हे कळायला एक मोसम जातो, जाऊ द्या, गडर लाइनचं टेंडर निघायला त्याहून जास्त जातो. जीव धोक्यात असेल, झाड पडायला आलं असेल तर गोष्ट वेगळी, बाकी कोणतंही झाड मार्च ते जून तोडू नये. उंबर, वड, पिंपळ, पिंपरी ही झाडं शेवटचा पर्याय म्हणूनच तोडावी, आणि तोडलंच तर तीच जात, त्याच वस्तीत, वेगवेगळ्या वर्षी लावावी. वाळलेलं झाड रस्त्यापासून, घरांपासून लांब असेल तर उभं राहू द्यावं, सुतार आणि तांबट त्यालाच कोरतात आणि त्यांच्या जुन्या बिळांत पुढं दुसरे राहतात. आणि खोडापर्यंत सिमेंट ओतणं थांबवावं, खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा असं राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीच्या प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलं होतं, तरी आमच्या नव्या रस्त्यावर कडुलिंबाच्या खोडाला गळ्यापर्यंत गट्टू म्हणजे सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत, छिन्नी घेऊन आम्ही दोघी-तिघींनी त्यातले चार काढले.

नाल्याच्या काठावर दुसरा उंबर आहे, त्याचं वय कोणाला ठाऊक नाही, तिथल्या एका म्हाताऱ्या धोब्यानं सांगितलं की तो लहान होता तेव्हाही याची सावली अशीच होती. त्याची वारसा वृक्ष म्हणून नोंद करा असा अर्ज मी जानेवारीत दिला आहे, पोच माझ्याजवळ आहे. तेव्हापासून एक शंभर पानी वही लिहून राहिले, तारीखवार. त्यात ८ फेब्रुवारीला पोपट ढोलीत शिरले अशी नोंद आहे, १९ मार्चला धनेशाची जोडी येऊन बघून गेल्याची, २६ ला परत आल्याची. काल संध्याकाळी पोपटाचं एक पिल्लू दारातून डोकं काढून बसलं होतं, आणि वरच्या फांदीवर दोन साळुंक्या चोचीत गवत धरून वाट बघत होत्या.